वरून वाढलेली कढी

पळी वर गेली.

वरण वाढताना ती माझ्या ताटाला टेकली होती. भाजी वाढताना टेकली होती. कढीची वेळ आली आणि ती आधी वीतभर वर गेली, मग हातभर. काकूंनी कमरेत वाकणंही सोडलं. उभ्या उभ्याच त्यांनी कढी सोडली. ती भातावर आपटली, ताटाबाहेर उडाली, माझ्या पातळावर पिवळे शिंतोडे आले.

माझ्या बाजूला सून बसली होती. तिच्या ताटात वरून. सुनेच्या बाजूला माझी नात, नऊ वर्षांची. तिच्याही ताटात वरून. गरम कढी तिच्या मनगटावर पडली. "आई गं," ती म्हणाली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या पुढच्या बाईपाशी गेल्या, वाकल्या, पळी ताटाला टेकवली. "घ्या ना ताई. लाजू नका. आंबील आणू का अजून?"

पंगतीतून आम्हाला कोणी उठवलं नाही. कोणी वाईट शब्द काढला नाही. समोर दोन्ही महालक्ष्म्या नवीन साड्या नेसून, नथी घालून उभ्या होत्या. उदबत्ती जळत होती. बायका जेवत होत्या आणि माझ्या ताटाकडे न पाहता पाहत होत्या. समोरच्या पुरुषांच्या पंगतीत माझा लेक होता. त्याने सगळं पाहिलं. मग त्याने मान खाली घातली आणि पोळीचा तुकडा मोडला.

मी उठले नाही. जेवले. ताट साफ केलं. तेव्हा का उठले नाही, ते पुढे येईल.

ते घर मनीषनगरात होतं. दोन मजल्यांचा बंगला. खाली घरमालक, ज्यांना आम्ही काका आणि काकू म्हणायचो. वर आम्ही चौघं, भाड्याने. काकू माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, पण सगळ्या म्हणतात म्हणून मीही काकूच म्हणायचे. त्यांची जात मी लिहीत नाही. कोणतीही लिहिली तरी बाकीचे म्हणतील, आम्ही नाही बापा तसे. पळी सगळ्यांची सारखीच वर जाते.

आमचं स्वतःचं घर मौद्याजवळच्या गावात आहे. लेक राजू तिकडच्या वीज केंद्रात कंत्राटावर आहे. सून शीतल नागपुरात एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. ती रोज गावाहून जायची, अंधार पडल्यावर यायची. नात हुशार निघाली. तिला नागपूरच्या चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला. प्रवेश मिळाला पण घर मिळेना.

शाळेजवळ राहावं तर भाडं झेपत नाही. हुडकेश्वरच्या पुढे घरं स्वस्त, पण तिथून शाळा लांब, आणि शाळेची गाडी तेवढ्या आत येत नाही. गावात राहावं तर घर फुकटचं, पण पोर रस्त्यातच झोपणार आणि रस्त्यातच उठणार. बापाची नोकरी शहराच्या एका टोकाला, पोरीची शाळा दुसऱ्या टोकाला, आईचा दवाखाना मधात. तिघांना पुरेल असं एक घर शोधायचं. त्यातून मी. मला कुठेही टाका, चालतं, असं सगळ्यांनी धरलेलं.

घरं पाहायला चौघंही जायचो. मला वाटायचं, दारात पहिली गोष्ट भाड्याची होईल. नाहीतर पाण्याची. तसं होत नाही.

"आडनाव?"

आमचं आडनाव कुणब्यांतही आहे आणि आमच्यातही आहे. नुसतं ऐकून कळत नाही. मग लोक पुढचं विचारतात. गाव कोणतं. देव कोणता. मटण खाता का. एका घराला 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. माझ्या लेकाने देव सांगितला नाही, तेव्हा तो माणूस म्हणाला, "कालच गेलं हो घर." पाटी त्याच्या डोक्यावर हलत होती. ती काढून ठेवावी एवढीही लाज त्याला वाटली नाही.

दलाल म्हणाला, "दादा, तुमचं नाव चालून जाईल. तुम्ही फक्त बोलू नका. ते जे समजतात ते समजू द्या."

मनीषनगरचं घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर. पोर पायी जाऊ शकते. मागे गॅलरी, नळाला पाणी, भाडं पोटाला चिमटा घेऊन देता येईल एवढं. काकांनी चहा मागवला आणि विचारलं, "तिरळे का बावणे?"

या कुणब्यांतल्या पोटजाती. काकांनी आम्हाला कुणबी धरून टाकलं होतं, आता फक्त कप्पा विचारत होते. राजूने पोरीकडे पाहिलं. पोर गॅलरीत उभी राहून शाळेचं मैदान दिसतं का ते टाचा उंचावून पाहत होती.

"तिरळे," राजू म्हणाला.

"मग काई प्रॉब्लेम नाही," काकू म्हणाल्या. "आम्हाला बस चांगल्या घरचे लोक पाहिजेत."

घर मिळालं. सामान लावायच्या आधी राजूने मला समोर बसवलं आणि शिकवणी घेतली. जिन्यात कोणी भेटलं तर जय भीम म्हणायचं नाही, नमस्कार म्हणायचं. कुलदेवता विचारली तर माहूरची रेणुका. महालक्ष्म्या बसवता का विचारलं तर गावी मोठ्या जाऊबाईंकडे असतात म्हणायचं. बाबासाहेबांचा फोटो शीतलने माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि कपाटात रजयांच्या खाली ठेवला.

"बुद्ध राहू द्या," ती म्हणाली. "बुद्ध चालते. खाली काकूकडे बी हाय."

खरं होतं. काकूंच्या हॉलमध्ये बुद्धाचं मोठं डोकं होतं, त्याच्यावरून कारंज्याचं पाणी पडायचं. आलेले पाहुणे म्हणायचे, किती शांत वाटतं ना. बुद्ध शोभेला चालतो. बाबासाहेब चालत नाहीत, कारण ते शोभेला बसत नाहीत, प्रश्न विचारतात.

नातीचं नाव संघमित्रा. ते तिच्या आजोबाने ठेवलं होतं, मरायच्या आधी. त्याचा पुढचा भाग कापला. बिल्डिंगीत ती मित्रा झाली.

माझा बाप छप्पन साली मला खांद्यावर घेऊन दीक्षेला पायी आला होता. मी चार वर्षांची. मला त्यातलं काही आठवत नाही, बापाच्या टोपीचा वास तेवढा आठवतो. परत जाऊन त्याने देव्हाऱ्यातले टाक काढले आणि नाल्यात सोडले. आजी त्याच्यामागे ओरडत धावली. तो थांबला नाही. त्या बापाची लेक मी, आणि मला म्हातारपणी माहूरची रेणुका पाठ करावी लागली. मी पाठ केली. चौथीपर्यंत शिकले आहे, पाठांतर चांगलं आहे.

भाद्रपदात काकूंकडे महालक्ष्म्या आल्या. जेवायला यायचंच, नाही म्हणायचं नाही, असं काकू वर येऊन सांगून गेल्या. शीतलने मला तिचं जांभळं पातळ दिलं. विहारात नेसता ते पांढरं नेसू नका म्हणाली, ओळखू येते.

पंगतीत माझ्या पलीकडे एक गुलाबी साडीची बाई होती, काकूंच्या नात्यातली. गप्पिष्ट. तिने विचारलं, महालक्ष्म्या तुमच्याकडे उभ्या की मुखवट्याच्या? मी म्हटलं, मुखवट्याच्या, जाऊबाईंकडे. तिने विचारलं, माहेर? तेही सांगितलं. मग ती म्हणाली, "मौद्याकडचे ना तुम्ही? कोणतं गाव?"

मी नाव सांगितलं.

"अगं बाई! माझी मावशी तिथंच दिली आहे. लहानपणी प्रत्येक उन्हाळ्यात जायचो आम्ही. तुमचं घर कोणत्या बाजूला? मारोतीच्या पाराकडं का?"

तोंडात पुरणपोळीचा घास होता. मी म्हटलं, "नाई. नाल्याच्या पलीकडं."

मला देव शिकवले होते. आडनाव शिकवलं होतं. पोटजात शिकवली होती. घराच्या दिशेचं खोटं कोणी शिकवलं नव्हतं. आणि आमच्याकडच्या कोणत्याही गावात नाल्याच्या पलीकडे कोण राहतं ते सगळ्यांना माहीत असतं.

"असं होय," गुलाबी साडी म्हणाली. तिने पदर सारखा केला आणि थोडी सरकून बसली. काकू वाढत आल्या तेव्हा तिने त्यांच्याकडे वर पाहिलं. डोळे मोठे केले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

आणि पळी वर गेली.

वर आल्यावर राजूने दार लावलं आणि माझ्या अंगावर आला.

"माय, तुले एवढं बी समजत नाई? पाराकडं म्हनाचं होतं!"

"पाराकडं आपलं घर हाय का?"

"आपलं घर इथं हाय आता! इथं!" त्याने भिंतीवर हात मारला. दुसऱ्याच्या भिंतीवर.

"तिनं कढी वरून वाढली. पोरीचा हात पोळला."

"मंग? कढी तं ताटातच पडली ना?"

मी त्याच्याकडे पाहत राहिले. हा माझ्या पोटचा. नाल्याच्या पलीकडच्या घरात जन्मला. शाळेत पहिला आला तेव्हा विहारात त्याचा सत्कार झाला होता आणि त्याने भाषण केलं होतं.

"कुत्र्याच्या बी ताटातच पडते, बाबू," मी म्हटलं.

"तू बोलू नोको! पोरीची शाळा दोन गल्ल्यांवर हाय. असं घर पुन्ना भेटते का? तू शोधशीन? मी रोज त्या भंडारा रोडनं जाऊन राहिलो, येऊन राहिलो, ट्रकच्या मागं धूळ खाऊन राहिलो, कोनासाठी? तुले काय, तू बसून राह्यते दिवसभर."

शीतल पोरीच्या मनगटाला टूथपेस्ट लावत होती. ती म्हणाली, "हळू बोला. खाली ऐकू जाते."

त्या घरात आम्ही भांडणसुद्धा हळू करायचो.

म्हणून मी पंगतीतून उठले नव्हते. मी उठले असते तर हे घर गेलं असतं, पोरीची पायी शाळा गेली असती, आणि त्याचा दोष माझ्या डोक्यावर आला असता. एवढं सगळं पळी वर जाऊन कढी खाली पडेपर्यंत माझ्या मनात येऊन गेलं. भीती फार झपाट्याने हिशेब करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू वर आल्या. हसत आल्या. हातात पिशवी. उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या. आधी त्या आत यायच्या, माझ्या पलंगावर टेकायच्या, गुडघे दुखतात म्हणून सांगायच्या.

"आम्ही तसले नाही हो," त्या शीतलला म्हणाल्या. "आमच्या मुलाचे सगळ्या प्रकारचे मित्र आहेत. पण तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं. फसवणूक झाली ना ही? घरात देव आहेत. वर्षातून एकदा येतात महालक्ष्म्या."

शीतलने मान हलवली.

"आता लेकराच्या शाळेचं पाहून आम्ही काही घर खाली करा म्हणत नाही. एवढे वाईट नाही आम्ही. फक्त मागचा लोखंडी जिना वापरत जा. आणि आजींना सांगा, समोरच्या ओट्यावर बसू नका. येणारे-जाणारे विचारतात. मित्राला पण आमच्या हॉलमध्ये नको. आज दुपारपासून हळदीकुंकू आहे, बायका येतील, तेव्हा वरच राहा तुम्ही. ठीक आहे?"

"हो काकू."

"आणि हे." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "काल तुम्ही जेवलात ती ताटं, वाट्या, पेले. चांगलं जाड स्टील आहे, नवीनच. आमच्याकडे आता चालणार नाही. फेकण्यापेक्षा तुम्हाला कामात येतील."

आणि त्यांनी पायाने ती पिशवी उंबऱ्याच्या आत सरकवली. चपलेच्या टोकाने. आतली ताटं एकमेकांवर वाजली.

"थँक्यू काकू," शीतल म्हणाली.

काकू समोरच्या जिन्याने खाली गेल्या. मी जिन्याच्या तोंडाशी गेले. खाली हॉलचं दार उघडं होतं. काल आम्ही बसलो होतो त्या जागेवर काका बाटलीतून गोमूत्र शिंपडत होते. बाटलीचं झाकण दाताने उघडलं होतं त्यांनी. आम्ही बसलेली जागा त्यांना बरोबर आठवत होती. गुलाबी साडीच्या बाईच्या जागेपाशी आले आणि थांबले.

आत शीतल पिशवीतून ताटं काढून मोरीत ठेवत होती.

"तू दिवसभर रक्त तपासते," मी म्हटलं. "दिसते का त्यात काई? नाल्याच्या पलीकडलं?"

"आई, मले पाच मिनिटं रडू द्या," ती म्हणाली. "मंग मले ड्युटीवर जायचं हाय."

ती रडली. तोंड धुतलं. मागच्या जिन्याने गेली. मी तिला दोष देत नाही. तिने ताटं घासून ठेवली हे मात्र लिहून ठेवते.

पोरीला सणाची सुट्टी होती. राजू कामावर. दुपारी आम्ही दोघीच. ती म्हणाली, "आजी, आज मी वाढते तुला."

"वाढ."

मी खाली बसले. तिने भात वाढला. मग ती आतून स्टूल घेऊन आली, माझ्यासमोर ठेवलं, त्याच्यावर चढली आणि उभी राहिली. हातात वरणाची पळी. तिने ती उंच धरली, डोळा बारीक केला, नेम धरला, आणि सोडली. वरण माझ्या ताटात पडलं, थोडं माझ्या पायावर. तिला फार आनंद झाला. बाहेर फार सांडलं नाही म्हणून.

"असं काहून वाढलं वं?"

"काकूंनी असंच वाढलं ना काल. मोठ्या घरी असंच वाढतात आजी. ताटाला हात नाही लावायचा."

तिच्या मनगटावर पोळल्याचा लाल डाग होता. तोच हात.

मी गावच्या शाळेत होते तेव्हा पाण्याचा माठ ओट्यावर असायचा. आम्हाला माठाला हात लावायचा नाही. चपराशी वरून पाणी सोडायचा, आम्ही खाली ओंजळ धरायची. अर्धं पाणी कोपरावरून फ्रॉकमध्ये जायचं. थंडीच्या दिवसांत ओली होऊन दिवसभर बसायचे. कधी त्याची लहर असली तर तो हात हलवायचा, धार इकडेतिकडे जायची, आम्ही ओंजळ घेऊन तिच्यामागे पळायचो आणि वर्ग हसायचा. आम्हीही हसायचो. ते मला सगळ्यात जास्त आठवतं. आम्हीही हसायचो.

नात हसत होती. "अजून वाढू आजी?"

तेव्हा मला दिसलं की काकूंची पळी खालच्या हॉलमध्ये राहिलेली नाही. ती जिना चढून वर आली आहे, माझ्या घरात, माझ्या नातीच्या हातात. आणि ती तिथे राहिली तर शाळा दोन गल्ल्यांवर असून उपयोग नाही. तिथे ती पहिली येईल. मोठी होईल. आणि कोणीतरी चपलेच्या टोकाने पिशवी सरकवली की इंग्रजीत थँक्यू म्हणेल.

"खाली उतर," मी म्हटलं. माझ्या आवाजाने ती घाबरली. उतरली. मी ताट उचललं आणि सगळं मोरीत टाकलं. भात, वरण, सगळं. पोर रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. मला घाई होती.

कपाटातून रजया काढल्या. लुगड्यातून फोटो सोडवला. हॉलच्या भिंतीला आधीचा एक खिळा होता, कॅलेंडरचा. कॅलेंडर काढून फोटो लावला. माझं पांढरं पातळ काढलं, नेसले. चारही ताटं, वाट्या, पेले त्याच पिशवीत भरले.

"चाल," मी पोरीला म्हटलं.

"कुठं?"

"खाली. समोरच्या जिन्यानं."

खाली हळदीकुंकू जोरात होतं. पंधरा-वीस बायका असतील. अत्तराचा वास. गुलाबी साडी आज हिरव्या साडीत होती. दारात मला पाहून काकू पुढे आल्या, आवाज खाली ठेवून म्हणाल्या, "आजी, सकाळी सांगितलं होतं ना?"

"सांगतलं होतं."

मी आत गेले. पोरीचा हात धरलेला. बायका बाजूला होत गेल्या. काही आपणहून, काही साडी सावरत. मी महालक्ष्म्यांपुढे गेले, खाली बसले, आणि पिशवीतून ताटं काढून एकेक करून त्यांच्यापुढे मांडली. माझं. सुनेचं. लेकाचं. नातीचं. वाट्या. पेले. पंगत मांडतात तसं.

"हे काय करून राहिल्या तुम्ही?" काकूंची शुद्ध मराठी सुटली.

"तुमची भांडी तुमाले देऊन राहिली. आमच्या घरी ताटं हायेत. उष्टी ताटं दान घ्याले मी तुमच्या दारात आली नोयती. भाडं देऊन राह्यते."

"अहो, पण बायकांसमोर..."

"काल बी बायकांसमोरच होतं."

कोणीतरी मागून म्हणालं, "जाऊ द्या ना आजी, सणाच्या दिवशी." मी वळले. त्या बाईने मान फिरवली.

मी उभी राहिले. म्हातारीला जमिनीवरून उठायला वेळ लागतो. कोणी हात दिला नाही, मीही मागितला नाही. पोरीच्या खांद्यावर भार देऊन उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"माह्या लेकानं तुमाले तिरळे सांगतलं. खोटं सांगतलं. आमी महार होतो. माह्या बापानं थे छप्पन साली नाल्यात टाकून देल्लं. तुमी थे उचलून आनलं आन देव्हाऱ्यात ठेवलं. आता तुमीच त्याले पुजा. ह्या पोरीचं नाव मित्रा नोहे. संघमित्रा हाय." मग मी पोरीला म्हटलं, "सांग."

पोर घाबरली होती. ती माझ्या पातळामागे सरकली.

"सांग वं."

"संघमित्रा," ती म्हणाली. बारीक आवाजात. बुद्धाच्या डोक्यावरून पाणी पडत होतं, त्याचाच आवाज जास्त होता.

"जय भीम," मी म्हटलं आणि समोरच्या जिन्याने वर आले.

 

संध्याकाळी काका राजूला खाली बोलावून ओरडत होते. "आम्ही जातीचा एक शब्द तरी काढला का? काढला का सांगा! उद्या आमच्यावरच केस लावाल तुम्ही लोक!" खरं आहे. शब्द काढला नव्हता. पळी बोलत नाही, म्हणून तर ती वापरतात. मग काका म्हणाले, मुलाचं लग्न काढलं आहे, वरचा मजला लागेल. लग्न कोणाशी, ते मुलालाही माहीत नसेल.

राजू वर आला. भिंतीवरचा फोटो पाहिला. तो त्याने काढला नाही, एवढं त्याच्यात होतं. मला म्हणाला, "झालं तुह्यं समाधान? पोरीच्या आयुष्याचं वाटोळं करून?"

"नाई झालं," मी म्हटलं.

तो तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतो. माय म्हणत नाही. पोरीच्या तोंडून निरोप देतो.

पुन्हा घर शोधणं आलं. यावेळी मी पुढे. दलाल नको म्हटलं. दार उघडलं की मी पहिली. "जय भीम. घर पाहाचं हाय." मग पुढचं. भाडं, पाणी, शाळा. बहुतेक ठिकाणी पुढचं आलंच नाही. एकीने साखळी न काढता फटीतून सांगितलं, आजच टोकन झालं. एक म्हातारा माझ्याच वयाचा, तो म्हणाला, बाई, एवढं तोंडावर कशाला सांगता, हळूहळू कळलंच असतं. मी म्हटलं, हळूहळू कळलं की पळी वर जाते. त्याला समजलं नाही. राजू रस्त्यावर मोटरसायकलवर बसून राहायचा, पाठ करून. शीतल माझ्या मागे उभी राहायची. चौथ्या की पाचव्या दारापासून ती माझ्याबरोबर जय भीम म्हणायला लागली. हळू आवाजात. तरी म्हणायला लागली.

शेवटी हुडकेश्वरच्या पुढे मिळालं. जिथे नको म्हणून आम्ही मनीषनगरात खोटं बोललो होतो, तिथेच. लेआउटचे रस्ते झालेले नाहीत. पावसात काळी माती चपला धरून ठेवते. शाळेची गाडी आत येत नाही. मी पोरीला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडते, तिचे बूट माझ्या हातात, तिथे गेल्यावर पाय धुऊन घालते. पोर गाडीत झोपते. राजू आधीपेक्षा लवकर निघतो, धूळ जास्त खातो. शीतलने जुनी स्कूटी घेतली, एकदा चिखलात पडली, कोपर फुटलं. घरमालकाची जात मी विचारली नाही, त्याने आमची विचारली नाही. छत गळतं, ते तो दुरुस्त करत नाही. जय भीम म्हटलं की "हो हो" म्हणतो. चांगला माणूस आहे असं मी म्हणणार नाही. भाडं घेतो, एवढंच.

सगळं महाग पडलं. राजू चुकीचं बोलत नाही. पोरीचा खेळायचा वेळ गेला, झोप गेली, गॅलरीतून दिसणारं मैदान गेलं. हे मी घेतलं तिच्यापासून. मी माफी मागत नाही.

तिच्या शाळेच्या वह्यांवर आता पूर्ण नाव आहे. मी तपासते. मला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, पण तिचं नाव किती लांब दिसलं पाहिजे ते मला ठाऊक आहे.

आणि रविवारी दुपारी मी तिला शिकवते. तिला जेवायला बसवते, भात वाढते, पळी ताटाला टेकवून एक भाजी वाढते. मग वरणाची पळी घेते, आणि मधातच कधीतरी, न सांगता, पळी वर नेते.

पहिल्यांदा ती नुसती पाहत राहिली. वरण ताटात पडलं. मी ताट उचलून मोरीत रिकामं केलं. ती दिवसभर उपाशी राहिली. शीतल रडली. राजू दारातून ओरडला, "म्हातारी पागल झाली काय? अन्न वाया घालून राहिली!"

मी पोरीकडे वळले. तिला सांगितलं.

पळी वर गेली की ताट ओढून घ्यायचं. विचार करायचा नाही. शाळा आठवायची नाही, घर आठवायचं नाही, मी करत बसले होते तो हिशेब करायचा नाही. ताट आपलं आहे. ओढायचं. जे सांडेल ते त्यांच्या जमिनीवर सांडू दे. ज्याने सांडलं तो पुसेल. भूक लागली तर लागू दे, तू उपाशी उठ.

मागच्या रविवारी माझी पळी वर गेली. वीतभरही गेली नव्हती. ताट तिथे नव्हतं. वरण फरशीवर पडलं.

पोर माझ्याकडे सरळ पाहत होती. हसत नव्हती.

मी फडकं घेतलं आणि पुसलं. मीच सांडलं होतं.

येत्या रविवारी पुन्हा करणार. हात चालतो आहे तोवर दर रविवारी करणार.